बी विंगमधला साप

आमच्या रहाटणीच्या सोसायटीत सरवदे काका कुणालाच फ्लॅट नंबरानं ओळखत नाहीत. पार्किंगमधून वर हात करून सांगतात, "तुमी चवथ्या ओळीतला तिसरा चौकोन."

काका मूळचे लातूरकडचे. चाकणच्या एका कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्स करून निवृत्त झाले. रिकामे बसले आणि त्यांच्या डोक्यात आलं, की बी विंगच्या बाल्कन्या म्हणजे आयता पडदा आहे. प्रत्येक बाल्कनीत एक दिवा लावायचा, खाली मोबाइल हातात घ्यायचा आणि अख्ख्या इमारतीवर सापाचा गेम खेळायचा.

"जमतंय की. नुसतं सगळ्यायनं हो म्हणलं पायजे."

सगळे हो म्हणेपर्यंत काकांनी पाठ सोडली नाही. दिवा बसवायला आले की स्टुलावर चढण्याआधी घरातल्या सगळ्यांची चौकशी, उतरल्यावर चहा, आणि जाताना, "सिग्नल बघाय येतो उद्या."

एका संध्याकाळी साप खरंच चालला. या बाल्कनीतून त्या बाल्कनीत दिवे पळत होते, खाली लोक खुर्च्या टाकून बसले होते. देशमुख वहिनींच्या बाल्कनीत मात्र तो अडकला. इस्त्रीसाठी त्यांनी दिव्याचा प्लग काढला होता. काकांनी खालून हाक मारली, "वहिनी, तुमच्या घरात साप मेलाय."

वहिनींकडे मुलीला बघायला पाहुणे आले होते. ते पोहे अर्धे टाकून उठले.

नवलाई काही दिवस टिकली. मग कुणाच्या मुलांचे पेपर आले, कुणाला उजेडानं झोप लागेना. मीटिंगमध्ये दिवे काढायचं ठरलं. काकांनी वाद घातला नाही. "मीच काढतो," एवढंच म्हणाले.

काम दोन दिवसांत उरकण्यासारखं होतं. काका रोज एकच दिवा काढत. बायको गेल्यापासून ते एकटेच राहतात. मुलगा बंगळूरला असतो. आमचा दिवा सगळ्यात शेवटी आला. स्क्रू फिरवताना त्यांचा हात फार सावकाश चालला होता.

मी म्हणालो, "राहू द्या की काका, हा एक."

"एका दिव्यावर गेम चालत न्हाई, राव."

दिवा पुसून त्यांनी पिशवीत घातला. स्टूल जागेवर नेऊन ठेवलं. दारापर्यंत गेले, थांबले आणि हॉलमधल्या पंख्याकडे पाहू लागले.

"ह्यो आवाज करायलाय का?"

पंखा बंद होता.

"करतो कधीकधी," मी म्हणालो. "उद्या येऊन बघता का?"