बांडगूळ म्हणायचं नाही!

"परब बघितल्याशिवाय बोलत नाही!" हे श्यामसुंदर परबांचं आवडतं वाक्य. पाणीखात्यातून निवृत्त झाले, आणि सोसायटीच्या आवारातल्या जुन्या आंब्याकडे बघत बसू लागले. तेव्हापासून मुलुंडच्या त्या सोसायटीत कोणाला सुखानं खाली उतरता आलं नाही. त्या आंब्यावर रानटी ऑर्किडं होती. परबांनी जाडजूड पुस्तकं आणली, एकेकाचं शास्त्रीय नाव शोधलं, नावाचा अर्थ शोधला आणि जो सापडेल त्याला धरून सांगितला. (खुद्द 'ऑर्किड' या शब्दाचा ग्रीक अर्थ त्यांनी एकदा गच्चीवर कोजागिरीला सांगायला घेतला होता. त्यांच्या बायकोनं, सुलक्षणाबाईंनी, वेळीच त्यांच्या तोंडात भजी कोंबली. तुम्हीही विचारू नका.)

आणि अशा माणसाला सेक्रेटरी सिद्धेश घाडी एक दिवस म्हणाला, "काका, ते बांडगूळ झाडाला खातंय. उद्या झाड पडलं तर? रविवारच्या सभेत ठराव घेऊ, कापायची परवानगी मागू. पार्किंगला पण जागा होईल."

"बांडगूळ?" परबांचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. "अरे, बांडगूळ झाडाचं खातं! ऑर्किड नुसतं झाडावर बसतं, खातं स्वतःचं! पुन्हा बांडगूळ म्हणायचं नाही!"

"बसतं तर बसतं. आम्ही गाड्या कुठे बसवू?"

घरी येऊन परब संतापानं येरझारा घालत होते आणि तेवढ्यात त्यांना कल्पना सुचली. आवारातल्या एका बाकाचा पाय गेली कित्येक वर्षं मोडलेला होता. त्यावर बसणारा हमखास पडायचा. पण बाकावर 'सौजन्य' लिहून एका सभासदाच्या वडिलांचं नाव होतं, म्हणून त्याला हात लावायची कोणाची टाप नव्हती! म्हणजे आंब्यावर सभासदांची नावं लागली, की आंबा अमर!

परब दारोदार फिरले. "झाडावर पाटी लावतोय. सौजन्य म्हणून तुमचं नाव टाकू?" फुकट नाव लागतंय म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? सोसायटीतच राहून अर्ध्या सोसायटीला मासळी पुरवणाऱ्या पार्वतीमावशी तांडेल हो म्हणाल्या. खजिनदार चंद्रप्रकाश शेट्ये हो म्हणाले. घाडीसुद्धा गाफीलपणे हो म्हणाला. नावाच्या वर काय लिहिणार, हे एकानंही विचारलं नाही.

एकेका ऑर्किडचं शास्त्रीय नाव, त्याचा अर्थ आणि खाली सौजन्य, असा मजकूर फ्लेक्सवाल्या निमेशकडे गेला. सोसायटीच्या गणपतीचे फ्लेक्सही तोच करायचा. परबांनी छपाईआधी मजकूर मागवून तपासला, पण काय? तर फक्त शास्त्रीय नावांचं शुद्धलेखन! त्यावर खूश होऊन त्यांनी होकार कळवला. पुढचं निमेशनं आपल्या डोक्यानं केलं. शास्त्रीय नाव कोण वाचतं, म्हणून ते बारीक केलं. मराठी अर्थ ठळक केला. आणि नुसतं नाव बरं दिसत नाही म्हणून गणपतीच्या फ्लेक्सवरचे सगळ्यांचे हात जोडलेले फोटो टाकले. फुकट!

रविवारी सकाळी वॉचमननं पाट्या बांधल्या. कौतुक ऐकायला परब इस्त्रीचा सदरा घालून खाली आले, तर झाडाखाली हीऽ गर्दी. पहिल्या पाटीवर पार्वतीमावशी हात जोडून हसत होत्या. खाली लिहिलं होतं, 'झाडावर राहणारी, बारीक दाढीवाली.'

दुसऱ्या पाटीवर खजिनदार शेट्ये. 'हवेचं लेकरू, डागाळलेलं.'

तिसऱ्या पाटीवर घाडी. 'न वाकणारी, टोकाला चावलेली.'

"परबा!" पार्वतीमावशी कडाडल्या. "मला दाढी? कुठं दिसली रे तुला दाढी?"

"मावशी, ती फुलाला आहे! डेंड्रोबियम बार्बाट्युलम! लॅटिन आहे ते!"

"लॅटिनला बोलव इथं! त्याच्यासमोर बोलते मी! आणि उद्यापासून तुझे बोंबील बंद!"

बोंबील बंद म्हटल्यावर मालवणच्या परबांनी हातच जोडले. इतक्यात शेट्ये पुढे आले. "खजिनदाराला डागाळलेला म्हणता? सभेच्या दिवशी? लोक काय समजतील यार!"

"अहो, पाकळ्यांवर ठिपके असतात!"

"मग ठिपके लिहायचं ना!"

सभा तिथेच झाडाखाली भरली. घाडी न वाकता उभा राहिला आणि म्हणाला, "ठराव सोपा आहे. झाड जाईल, पाट्यापण जातील. हात वर करा."

हात वर जायला लागले. परब हात मोजू लागले. इतक्या वर्षांचं झाड, आणि ते आपल्याच हातानं घालवलं! पण पार्वतीमावशींनी हात वर केला नाही.

"थांब रे! झाड कापलं तर अख्खा बाजार म्हणेल, मावशीनं दाढीपायी झाड पाडलं. झाड ऱ्हाऊ दे. आमच्या पाट्या काढा. पण ह्याची पाटी लावा! फोटोसकट, अर्थासकट! आमची झाली, आता ह्याची होऊ दे!"

"बरोबर!" सगळे ओरडले. ठराव एकमतानं झाला.

परबांचा जीव भांड्यात पडला. एवढीच शिक्षा? स्वतःसाठी त्यांनी सगळ्यात सुंदर ऑर्किड राखून ठेवलं होतं. "व्हँडा टेसेलाटा! टेसेलाटा म्हणजे चौकटीचौकटींचं. आणि व्हँडा कुठून आलं माहितीये? आपल्या संस्कृतातून! वंदा! वंदन करण्याजोगं, दुसरं काय असणार? सुलक्षणा, वरून संस्कृतचा कोश आण गं! घाडी, तूच वाच. मोठ्यानं!"

कोश आला आणि घाडीनं पानं उलटली. बोट खाली सरकत गेलं. मग तो हसायला लागला, आणि त्याला वाचताच येईना.

"वाच ना!" परब गरजले.

"वंदा," घाडी कसाबसा म्हणाला. "झाडावर वाढणारी वनस्पती. बांडगूळ."

आंबा आजही उभा आहे. त्यावर एकच पाटी आहे. परब हात जोडून उभे, आणि खाली ठळक अक्षरांत 'चौकटीचौकटींचं बांडगूळ. सौजन्य: श्री. श्यामसुंदर परब'. निमेशनं कडेनं फुलांची महिरपही काढून दिली आहे.

बोंबील पुन्हा सुरू झाले, पण परबांचा संताप काही उतरला नाही. पाटी लागली त्या संध्याकाळी आरामखुर्चीत बसून ते कोशावर हात आपटत होते. "कोशकारांना काय कळतं? मी पुन्हा सांगतो, ते बांडगूळ नाही! ते नुसतं बसतं, पण आपलं आपण करून खातं!"

"हो का?" सुलक्षणाबाईंनी त्यांच्यासमोरचा रिकामा कप उचलून त्यांच्याच हातात दिला. "मग आजपासून चहा तुम्ही टाका."