बरोबर अकरा फूट

चष्मेवाल्यांनी भलामोठा टीव्ही घेतला, त्याला कारण त्यांचे साडू. मागच्या वर्षी साडूंनी स्वतःच्या नव्या टीव्हीसमोर त्यांना बसवलं आणि चारचौघांत म्हटलं, "जरा मागे सरका, डोळे बिघडतील." वीस वर्षं लोकांचे डोळे तपासणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागलं. तेव्हापासून त्यांना घास गोड लागत नव्हता. आता रविवारी फुटबॉलची फायनल होती, साडू यायचे होते, आणि त्यांच्या तोंडून एकदा 'वा' ऐकल्याशिवाय चष्मेवाल्यांच्या जिवाला स्वस्थता नव्हती.

"या मापाच्या पडद्याला डोळे अकरा फुटांवर हवेत," ते टेपचं टोक पडद्याला लावून बायकोला म्हणाले. टेप साडेनऊ फुटांवर समोरच्या भिंतीला टेकली.

"मग?"

"दीड फूट कमी पडतंय."

"भिंतीला म्हणावं, जरा मागे सरक."

टीव्ही दुसरीकडे लावायची सोय नव्हती. एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराचं दार. टीव्हीच्या अगदी समोर होतं घराचं दार, आणि त्याच्याबाहेर पॅसेज; त्याच्या डाव्या टोकाला वर जाणारा जिना, उजव्या टोकाला खाली जाणारा. चष्मेवाल्यांनी दार सताड उघडलं आणि दोन खुर्च्या पॅसेजमध्ये मांडल्या. एक स्वतःला, एक साडूंना. डोळे बरोबर अकरा फुटांवर आले.

"आणि लोकांनी जायचं कुठून?" बायकोने आतून विचारलं.

"नव्वद मिनिटांचा तर प्रश्न आहे."

मॅच सुरू झाली आणि वरून गाण्याच्या बाई कचऱ्याची बादली घेऊन उतरल्या. खुर्च्यांनी वाट अडवलेली. "उठू नका, उठू नका," म्हणत त्या डावीकडच्या जिन्यावर टेकल्या. उजवीकडच्या जिन्याने खालचे नळवाले गच्चीवर निघाले होते, तेही टेकले. त्यांना शोधत त्यांचं घर आलं, बाईंना शोधत त्यांचे शिष्य आले. दहा मिनिटांत दोन्ही जिने भरले.

आता दाराच्या चौकटीतून तिरपं बघणाऱ्याला पडदा अर्धाच दिसतो. वरच्या जिन्याला फक्त उजवा गोलपोस्ट दिसत होता, खालच्या जिन्याला फक्त डावा. ज्याला जो गोल दिसला, त्यावर चाल करून येणारा संघ त्याने आपला मानला. वरचा जिना लाल झाला, खालचा निळा.

"चष्मेवाले, आमचा चेंडू कुठे गेला?" खालून नळवाल्यांनी विचारलं.

"मधे आहे."

"मधे काय करतोय?"

"आमच्याकडे येतोय का ते सांगा," वरून बाई म्हणाल्या. अख्खा पडदा दिसणारे चष्मेवाले एकटेच, त्यामुळे मधलं मैदान त्यांच्या गळ्यात पडलं. सांगता सांगता त्यांना बघायला सवड मिळेना.

एवढ्यात साडू आले. खालच्या जिन्यावर नळवाल्यांच्या घरातली सहा माणसं होती, पाय ठेवायला जागा नव्हती.

"या, या, तुमची खुर्ची इथे आहे," चष्मेवाले उभं राहून म्हणाले.

"मागच्यांना दिसत नाहीये, खाली बसा," नळवाले साडूंना म्हणाले. साडू तिथेच पायरीवर बसले. त्यांना कुणीतरी शेंगदाणे दिले. पाच मिनिटांत निळ्यांनी गोल केला आणि साडूंनी नळवाल्यांना मिठी मारली.

मध्यंतरानंतर संघांनी बाजू बदलल्या. निळे उजवीकडे चाल करू लागले, म्हणजे खालच्या जिन्याला ते दिसेनात. क्षणभर विचार झाला आणि खालचा जिना उठून वर निघाला, वरचा खाली. चष्मेवाल्यांनी पाय पोटाशी घेतले. त्या गर्दीत साडू अगदी त्यांच्या खुर्चीपाशी आले.

"बसा ना. बरोबर अकरा फूट आहेत."

"आत्ता नको हो. आमची टीम तिकडे गेलीये," साडू म्हणाले आणि नळवाल्यांच्या मागे पळाले.

निळे जिंकले. मंडळी पांगली. साडू घामाघूम होऊन खुर्चीत बसले तेव्हा टीव्ही बंद झालेला होता.

"वा," ते म्हणाले.

चष्मेवाल्यांनी आपली खुर्ची जवळ ओढली.

"काय जिना आहे तुमचा. आमच्याकडे एकटाच बघत बसतो मी. गाण्याच्या बाई आत्ता जाताना सांगत होत्या, त्यांच्या शेजारचा फ्लॅट रिकामा आहे. मी घेतो म्हणून शब्द देऊन टाकला. आता प्रश्न आमच्या टीव्हीचा. तो तुमच्याच भिंतीवर लावू, याच्या शेजारी. एक टीव्ही वरच्या जिन्याला, एक खालच्या."

चष्मेवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. निदान ती तरी नाही म्हणेल.

"चालेल की," बायको म्हणाली. "मी वर ताईकडे राहीन. तुम्ही दोघं साडू राहा खाली, दोन टीव्ही घेऊन."