घासणीतला हायड्रोजन

"आज हायड्रोजन स्वस्त होणार! लिहून ठेव!" बुडबुडेसाहेबांनी चहा पिता पिता बायकोला बजावलं. कारखान्यात त्यांना याच नावाने ओळखत, कारण पाण्यात वीज सोडून हायड्रोजनचे बुडबुडे काढणं हेच त्यांचं काम. पाण्यात बुडवायच्या पत्र्यांवर महागड्या प्लॅटिनमचा मुलामा असे. साहेबांनी त्या जागी भांडी घासायची तारेची घासणी लावून पाहिली, आणि बुडबुडे निघाले की हो! आज मोठे साहेब बघायला येणार होते. त्यांना पटलं तर ठीक, नाहीतर प्रयोगशाळेला कुलूप.

घासणी कुणी ढापू नये म्हणून साहेबांनी काल ती जेवणाच्या रिकाम्या डब्यातून गुपचूप घरी आणली होती.

"अगं, माझ्या डब्यातली घासणी कुठंय?"

"ही काय!" सिंकपाशी उभी असलेली बायको म्हणाली. "दुधाचं पातेलं करपलंय. काय झकास निघतंय हो हिने!"

साहेब किंचाळलेच! साबणाने निथळणारी घासणी तिच्या हातातून हिसकावून ते तसेच पळत सुटले. धुवायला वेळ होता कुणाला!

मोठ्या साहेबांसमोर त्यांनी ऐटीत बटण दाबलं. टाकीत बुडबुडे उठले. मग फेस उठला. तो काठावरून टेबलावर उतरला आणि थेट मोठ्या साहेबांच्या बुटांवर चढला!

"हा सगळा हायड्रोजन?" मोठे साहेब हरखले.

"सगळा, सर!"

"मग बंद करा ना आधी!" सुरक्षा अधिकारी ओरडला. "ठिणगी पडली तर आपण सगळे छपरावर!" त्याने बटण बंद करून सगळ्यांना बाहेर आवारात पिटाळलं. बुडबुडेसाहेब मनात म्हणाले, संपला कारभार!

तेवढ्यात मीटर बघणाऱ्या बाई धापा टाकत आल्या. "सर, गॅस रोजच्याएवढाच, पण वीज कितीतरी कमी लागली!"

मोठ्या साहेबांनी बुटांवरचा फेस पुसून त्याच फेसाळ हाताने बुडबुडेसाहेबांची पाठ थोपटली. "शाब्बास! प्रयोगशाळा चालू राहील. पण हिच्यावर जे जे केलंत, ते प्रत्येक घासणीवर तस्संच झालं पाहिजे. आणि तुमच्याच हाताने!"

साहेब अक्षरशः नाचत घरी आले. सगळं ऐकून बायकोचाही आनंद गगनात मावेना.

"म्हणजे करपलेली भांडीच लागणार ना? आलेच हं!" असं म्हणत ती दार उघडून शेजारणींना हाका मारायला लागली.

हायड्रोजन नक्की किती स्वस्त झाला, याचा हिशोब अजून चालू आहे. इमारतीला भांडी घासायला माणूस मात्र फुकट मिळाला!