नानांची डबल बेल

आमचे नाना शेताच्या टोकाला उभे राहून तोंडानं "टिंग टिंग" करतात, तेव्हा मी जमिनीत वीज सोडते. एकदाच "टिंग" केलं की बंद करते.

नाना म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. जन्मभर एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर होते. मी भूभौतिकी शिकले आहे आणि श्रीगोंदा-कर्जत भागात कुणी बोअर घेणार असेल, तर आधी जमीन तपासून देते. एका ओळीत चार लोखंडी खुंट्या ठोकायच्या, त्यांना वायरी जोडून वीज सोडायची आणि खाली पाणी असेल की नुसता कातळ, याचा मीटरवरून अंदाज बांधायचा. एकटी मुलगी रानोमाळ कशी फिरणार, म्हणून बाबांनी नानांना सोबत धाडलं. लांबच्या माणसाला हाका मारणं मला जमत नाही. घंटीची युक्ती नानांचीच.

खुंट्या म्हणजे त्यांचे प्रवासी. "ओ पाव्हणं, दारात उभं न्हाई ऱ्हायचं, आत चला," म्हणत हातोडा हाणतात. शेतकऱ्याच्या टेम्पोत बसायला जागा असली तरी दांडी धरून उभेच. आणि जाऊ तिथं सांगतात, "साहेब ही हाय, पर गाडी माझ्या घंटीवर चालती. मी नसलो तर हिची एक खुंटी जमिनीत जायची न्हाई!"

फक्त "नाही" म्हणणं त्यांना जमत नाही. भरल्या गाडीतही त्यांनी कुणाला "जागा नाही" म्हटलं नाही म्हणे. पाण्याचंही तसंच.

मध्ये मिरजगावला एका मावशींच्या रानात गेलो होतो. मीटर पाहून मी हळूच म्हणाले, "इथे नको, मावशी. खाली सलग कातळ आहे."

मावशींचा चेहरा पडायच्या आत नाना पुढे झाले. "जरा पुढं सरकून बघू की!"

सरकलो. कातळच.

"आजून जरा!"

सरकता सरकता बांध आला. पलीकडे मावशींच्या जावेचं रान. नाना खुंटी घेऊन तिकडेही निघाले.

"ओ कंडक्टर," मावशी कडाडल्या, "माझं पानी तिच्या स्टॉपवर उतरवता व्हय?"

मी अनोळखी माणसांसमोर सहसा हसत नाही. त्या दिवशी मीटर खाली ठेवून हसले.

परतताना नाना खुंट्यांची माती पुसत होते. मग म्हणाले, "तू न्हाई म्हनतीस तवा तुजा आवाज लई बारीक आसतो. पर हालत न्हाई. मला न्हाई जमलं हे कदी."

गेल्या आठवड्यात रानात, नाना खुंट्या उपटत असताना, मला फोन आला. राजस्थानात खनिजं शोधणाऱ्या पथकात नोकरी, कित्येक महिने तंबूत मुक्काम. मला ती इतकी हवी होती की घरात सांगणं मी रोज उद्यावर ढकलत राहिले. जेवताना कसंबसं सांगून टाकलं.

"नानांना नेता येईल?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"मग नानांनीच सांगावं. रानात हिचं काम त्यांनीच पाहिलंय. नाना, एकटीला जमेल?"

काकू गेल्यापासून नाना दिवसभर स्टँडवर जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत बसायचे. माझं काम सुरू झालं तेव्हा कुठे ते पुन्हा सकाळी दाढी करून तयार होऊ लागले. मी गेले की तेही संपणार. ते गावोगाव जे सांगत होते, तेच त्यांनी बाबांना सांगितलं असतं, तर माझं जाणं तिथेच थांबलं असतं.

नानांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"मला काय इचारतो, शिवा? मी तर बाभळीखाली झोपत हुतो. खुंट्या, वायरी, मीटर, समदं तीच करती."

"रोज झोपत होता?"

"लई ऊन आसतंय. डोळा लागतोच की."

काकू गेल्यापासून नानांना रात्रीचीसुद्धा धड झोप लागत नाही. हे बाबांना माझ्याआधीपासून ठाऊक आहे. त्यांनी नानांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तिकडे जायला गाडी नगरहून आहे, की पुण्याला जावं लागतं?"

मला माहीत नव्हतं. नानांनी सांगितलं, सुटायच्या वेळेसकट. तंबूत थंडी फार असते, घोंगडी मोठी घे, हेही सांगितलं. ते ही चौकशी कधी करून आले होते, कोण जाणे.