कॅप्टन सतीशचं गाऱ्हाणं

रिक्षात बसण्याआधी रिक्षावाल्याची झोप तपासणारा आमच्या शिरोड्यात एकच माणूस आहे, माझा शेजारी सतीश. "रात्री किती वाजता निजलंस?" हा त्याचा पहिला प्रश्न. उत्तर पटलं नाही तर भर उन्हात पायी चालू लागतो. हल्ली रिक्षावाले त्याला लांबून पाहिलं की वाट बदलतात.

एकदा माझ्या छातीत कळ आली. सतीशने गाडी काढली, किल्ली लावली आणि म्हणाला, "काका, माझी झोप आज पाचच तास झाली. मी चलवूचंय नाय." मी छाती धरून घरापुढच्या खळ्यात बसलो आणि हा चालक शोधायला गेला. आलेल्याचीही आधी मुलाखत झाली. दुखणं पित्ताचं निघालं म्हणून वाचलो, नाहीतर हा लेख दुसऱ्या कुणालातरी लिहावा लागला असता.

हे खूळ त्याने विमानातून आणलं. सतीश वीस वर्षं वैमानिक. धंद्यात मंदी आली तशी कंपनीने माणसं कमी केली आणि उरलेल्यांवर जादा फेऱ्या लादल्या. एके दिवशी विमान उतरवताना शेजारच्या तरुण वैमानिकाला बसल्या जागी डुलकी लागली. सतीशने व्यवस्थापनाला पत्र लिहिलं, विश्रांतीशिवाय उडणार नाही. खाली आणखी अकरा जणांनी सह्या केल्या. साहेबांनी एकेकाला खोलीत बोलावलं आणि अकराच्या अकरा जणांनी सह्या मागे घेतल्या. राहिला हा एकटा. त्याला घरी बसवून माफीनामा धाडला: सोमवारी पाचपर्यंत सही करा, नाहीतर कायमचे घरीच राहा.

आई गेल्यापासून घरात दुसरं माणूस नाही, आणि विमानाशिवाय त्याला काही येतही नाही. मला त्या अकरा जणांचा असा संताप आला होता की काय सांगू. शेपूटघालू मेले. सतीश नुसता म्हणायचा, "काका, तेंची पोरांबाळां आसत."

सोमवारी दुपारी मी त्याला ओढतच देवळात नेलं. आमच्याकडे कोर्टाआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. गावचा मानकरी, म्हणजे गावकर, मागणं मागतो, बाकीचे होकार देतात. गावकराला मी सगळं नीट पढवून ठेवलं होतं.

"बा देवा महाराजा, ह्या तुझ्या लेकराची नोकरी तेका परत गावांदे."

"व्हय महाराजा," मी म्हणालो.

"आणि ज्या अकरा जणांनी तेका दगो दिलो, तेंचा वाटोळा कर रे महाराजा."

"थांबा," सतीश म्हणाला.

गाऱ्हाण्यात मध्येच कोणी बोलत नाही. गावकराचे जोडलेले हात तसेच राहिले.

"वाटोळा मागू नकात. ते आता वर आसत. पाठीमागे माणसां बसली आसत."

"मगे काय मागू?"

"तेंका सुखरूप उतरव म्हणा."

"आणि तुझी नोकरी?"

"ती सही केल्याशिवाय गावाची नाय. आणि सही मी करूचंय नाय."

गावकराने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्याने पुन्हा सुरुवात केली, पण त्याला नावं ठाऊक नव्हती. ती सतीशनेच सांगितली, अकराही, एकदाही न अडखळता. बाहेर पाच वाजून गेले होते. प्रत्येक नावाला मी "व्हय महाराजा" म्हणत गेलो, आणि शेवटी मनातल्या मनात सतीशचंही नाव घातलं.