माझी दम्याची पिचकारी

दमा कसा आवरायचा, ते मला विचारा! निदान त्या दिवशी सकाळी मिठागरावर मी सगळ्यांना हेच ऐकवत होतो. साल एकोणीसशे अठ्ठावन्न. गोदीत कामाला असलेल्या माझ्या भावानं मुंबईहून काचेची पिचकारी पाठवली होती. मागं रबरी फुगा, पोटात औषध. फुगा दाबायचा, फवारा तोंडानं आत ओढायचा, की छातीवरचं भाताचं पोतं उतरलंच म्हणून समजा!

उरणच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "धर्माजी, धाप लागली तरच घ्यायचं. दोनदा दाबायचं, बस्स! जास्त घेतलंत तर हात कापतील, काळीज धडधडेल."

मी पिचकारी घरी फळीवर ठेवली आणि कामावर गेलो. तिथंच घात झाला!

आमच्याकडं घरात नवं काही आलं, की पहिला वाटा गावदेवीचा, दुसरा भावकीचा. माझी बायको गोदूबाई या बाबतीत फार कडक. तिनं देवळात जाऊन देवीच्या मुखात फवारा मारला आणि परत येऊन भावकीला बोलावणं धाडलं!

संध्याकाळी धापा टाकत घरी आलो, तर ओट्यावर ही गर्दी! शेजारचा रंगू सायकलीत हवा भरावी तसा फुगा दाबत होता.

"अरं, औषध हाय ते!" मी ओरडलो.

"म्हनून तर घेतलं, धर्माभाव! जरा जरा घेऊन काय व्हतंय? मी पोटभर घेतलं!"

एवढ्यात त्याचे हात थरथरायला लागले. मग त्याच्या आईचे. मग झाडून सगळ्या भावकीचे!

"माजं काळीज लय उडतंय गो!" म्हातारी किंचाळली.

गावचा भगत चांगदेव सगळ्यांत जास्त थरथरत होता. तो गरजला, "देवी आली! समद्यांच्या अंगात येकदम आली!"

"देवी न्हाय रं... औषध..." पुढं बोलायला श्वासच नव्हता. डोळ्यांपुढं अंधारी आली. मेलो, असंच वाटलं मला!

गोदूबाई रडायला लागली. "अवो, समदी थरथरतात, तुमीच तेवढं न्हाय! देवी तुमच्यावर कोपली!" पण रडता रडता तिनं रंगूच्या हातून पिचकारी हिसकावली आणि माझ्या तोंडात धरून दोनदा दाबली. थोड्या वेळानं मी माणसात आलो.

"बघा! देवी पावली!" सगळे एका सुरात ओरडले. आता कोणाला काय समजावणार?

चांगदेवानं तिथल्या तिथं निकाल दिला. पिचकारी देवीची, ती देवळातच राहील. भाऊ नवीन औषध पाठवतो, तेही गोदूबाई परस्पर देवळात नेते. ज्याला धाप लागेल त्यानं तिथं जाऊन घ्यावं. देवीची वस्तू खाली आणायची नाही!

आणि आमची गावदेवी बसलीय डोंगराच्या माथ्यावर.

परवा धाप लागली म्हणून निघालो, तर अर्ध्या चढणीवर धोंड्याला टेकून छातीतून शिट्ट्या वाजवत बसलो होतो. वरून चांगदेवानं मायेनं हाक मारली, "चढ रं धर्मा, चढ! वर आलास की बरं वाटंल!"