म्हशीशी बोलणारे सर्जेराव

सर्जेराव कुणाच्या घरी गेले की आधी म्हशीशी बोलतात. माणसांचा नंबर नंतर लागतो.

आमची कोल्हापुरातली संस्था अडचणीतल्या कुटुंबांना मदत करते. नवरा-बायकोचं बिनसलंय, पोर शाळेत जात नाही, म्हातारीकडे कुणी बघत नाही, अशा घरी आम्ही जातो. शाहूवाडीच्या डोंगरातले धनगरवाडे, म्हणजे धनगरांच्या छोट्या वस्त्या, माझ्या आणि सर्जेरावांच्या वाट्याला आलेत. दोघांची पदवी एकच, कॉलेजही एकच. मी पहिल्या वर्गात आले आणि ते कसेबसे निसटले, हेसुद्धा ते छाती फुगवून सांगतात. "ताई, वर्गातली हुशार समदी बँकेत गेली. डोंगर सांभाळाय सर्जाच लागतोय!"

या डोंगरातल्या गवळी धनगरांच्या घरात माणसं आणि म्हशी एकाच छपराखाली राहतात, मध्ये फक्त कुडाची भिंत. सर्जेराव घराच्या दाराकडे ढुंकूनही बघत नाहीत. गोठ्याच्या बाजूला बसकण मारतात आणि म्हशीच्या गळ्याखाली खाजवत सुरू करतात.

"काय गं चंद्रे, आज तोंड का पाडलंयस? वैरण मिळाली न्हाय व्हय?"

कुडामागून घरची सून फणकारते, "वैरण मिळालीया तिला. आमच्या नावानं खडं फोडू नगा."

"मग घरात कायतरी बिनसलंय बघ. चंद्री कधी खोटं बोलत न्हाय."

"बिनसंल न्हाईतर काय! मालक बाजारला गेलं, ते रिकाम्या खिशानं आणि भरल्या पोटानं आलं."

आणि मग सगळं बाहेर येतं. दारू, मार, माहेरी निरोप धाडायची चोरी. परक्या पुरुषापुढे बाईनं घरातलं बोलायचं नाही, असा तिथला रिवाज. म्हशीला उत्तर द्यायला मात्र कुणाची ना नाही. मी बाई असून, समोर बसून, मान एका बाजूला झुकवून ऐकायचं शिक्षण घेऊन तिला विचारलं होतं, तेव्हा "बरं हाय" याच्यापुढे गाडी सरकली नव्हती.

स्पष्टच सांगते, मला सर्जेरावांचा हेवा वाटतो. सौम्य, कौतुकाचा वगैरे नाही, चांगला पोटात दुखणारा. ते दिसले की वाड्यावरची पोरं "मामा, मामा" करत उतरणीवरून पळत येतात. मी दिसले की तीच पोरं झाडावर चढतात, कारण मी इंजेक्शनवाली आहे असं कुणीतरी सांगून ठेवलंय. त्यांच्यापुढे खरवस येतो. मला, गोठाभर म्हशी असलेल्या घरात, कोरा चहा! परतताना एसटीत ते खरवसाची चव वर्णन करून सांगतात. वर म्हणतात, "ताई, घाई करतायसा तुमी. म्हैस काय पळून जात न्हाय."

एकदा मी ठरवलं, म्हशीशी बोलणं ही काय यांचीच मक्तेदारी आहे? सर्जेराव रजेवर होते, ती संधी साधून मी एकटीच वाड्यावर गेले. ढाकलाबाई नावाची म्हातारी तिथली सगळ्यात वडील. तिच्या गोठ्याशी जाऊन बसले. म्हशीला काय विचारायचं याची बसमध्ये तयारीही केली होती. "अगं बाई, केवढी मोठी कास तुझी! दूध तरी किती देत असशील!"

ढाकलाबाई बाहेर आली ती मूठभर मीठ-मिरच्या घेऊनच. माझ्याकडे रोखून बघत तिनं त्या म्हशीवरून उतरवल्या, मिरच्या चुलीत घातल्या. त्या धुरात मी खोकत उभी. संध्याकाळी म्हशीनं लाथ मारून भांडं उपडं केलं म्हणे. ते अर्थातच माझ्या खात्यावर जमा झालं.

"म्हशीला दूध इचारत्यात व्हय ताई?" सर्जेराव कपाळावर हात मारून म्हणाले. "तिला सुखदुःख इचारायचं." मग माझ्या वतीनं माफी मागायला ते स्वतः वर गेले. माफी माझ्या नावानं मागितली गेली आणि वाड्यावरचं तूप त्यांच्या पिशवीत पडलं.

याच ढाकलाबाईची पणती सुली. आई तापानं गेली, बाप गोव्याकडे कामाला गेला तो तिकडचाच झाला. पोर म्हातारीजवळ राहायची, दिवसभर म्हशींमागे फिरायची. ज्या घरची भाकरी आधी भाजून होईल त्या घरी जेवायची, झोप येईल तिथं झोपायची. शाळेत नाव होतं, पोर नव्हती. कुणीतरी तक्रार केली. सहा वर्षांची मुलगी डोंगरात बेवारस हिंडते, तिला शहरातल्या बालगृहात ठेवा. मुलांचं काय करायचं हे ठरवणाऱ्या समितीपुढे कोल्हापुरात सुनावणी लागली. आमच्या संस्थेला बोलावणं आलं, तेही नाव घेऊन. श्री. सर्जेराव यांनी उपस्थित राहावे. माझा उल्लेखसुद्धा नाही. तरी मी गेलेच.

वडापच्या, म्हणजे माणशी भाड्यानं चालणाऱ्या, दोन जीपगाड्या भरून सगळा वाडा खाली उतरला होता. फेटे, घोंगडी, नऊवारी लुगडी, आणि मध्ये तेल चोपडून घट्ट वेणी घातलेली सुली. खोलीत जागा पुरेना. अध्यक्षबाई शांत होत्या, चांगल्या होत्या. त्यांनी विचारलं, "मुलीला कोण सांभाळणार?"

"आमी," सगळे एका सुरात म्हणाले.

"आम्ही म्हणजे कोण? एकाचं नाव सांगा. जबाबदारी कुणावर तरी ठेवावी लागते."

झालं. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. बाईंनी पुन्हा विचारलं, तरी कुणी तोंड उघडेना. सुलीनं म्हातारीच्या लुगड्याचा पदर मुठीत धरला. मला वाटलं, गेली पोर हातची.

"बघा, कुणीच पुढे येत नाही," बाई म्हणाल्या.

सर्जेराव उठले. "म्याडम, येत न्हाईत कारण म्हातारी जिती बसलीया. तिच्या म्होरं 'मी सांभाळतो' म्हणायचं म्हंजे तिची सत्ता संपली म्हणायचं. आणि बाकीच्यांस्नी पोर जड झाली म्हणायचं. तुमी नाव ह्यांस्नी नगा इचारू. म्हातारीला इचारा."

"विचारते. पण आधी मला सांगा, बालगृहात वाईट काय आहे? अंथरूण आहे, दूध आहे, शाळा आहे."

"कायबी वाईट न्हाय," सर्जेराव म्हणाले, आणि थांबले. बोलताना थांबलेले सर्जेराव मी प्रथमच पाहिले. "मी तिथंच वाढलोय. दूध रोज मिळायचं, सायसकट. मास्तर चांगलं हुतं, त्यांनीच शिकीवलं. खरं, म्हैन्यातनं एक रविवार भेटीचा असायचा. समदी पोरं आंघोळ करून, भांग पाडून बाकड्यावर बसायची. मला कोण येणार न्हवतं. ठावं हुतं मला. तरी धावीपतूर दर भेटीला भांग पाडून बसलोय. हिला न्यायला तर दोन गाड्या आल्यात म्याडम. हिला कशाला बाकड्यावर बसिवताय?"

अध्यक्षबाईंनी ढाकलाबाईकडे वळून हात जोडले. "आजी, तुम्ही सांगा. कुणाकडे द्यायची?"

म्हातारीनं सगळ्यांवरून नजर फिरवली. "धोंडूबाईकडं. तिची आत्ती हाय ती. खाली गावात ऱ्हाती, साळंच्या दारात. साळा हाय तवर तिच्यापाशी, सुट्टीला माझ्यापाशी." मागे बसलेली धोंडूबाई रडायलाच लागली. बाईंनी मान डोलावली, अधूनमधून आम्ही जाऊन बघावं असं सांगितलं, आणि सुली घरी निघाली.

बाहेर जीपगाड्यांपाशी एकच गलका झाला. सुली एकीच्या मांडीवरून दुसरीच्या मांडीवर जात होती, कारण प्रत्येकीला तिला धरायचं होतं. "मामा, चला की वर, आज गोडाचं हाय," गाडीतून हाका आल्या. आत पाय ठेवायला जागा नव्हती. "मिटिंग हाय माझी," सर्जेराव ओरडून म्हणाले. कसली मिटिंग आणि कसलं काय. गाड्या कोपऱ्यावर वळून दिसेनाशा झाल्या तरी त्यांचा हात वरच होता.

मला त्या क्षणीसुद्धा हेवा वाटला. त्यांचा नाही, सुलीचा. त्यांच्या वतीनं.

"सर्जेराव, चहा घेऊया?" मी म्हणाले.

त्यांनी डोळे पुसले नाहीत, नाक मात्र पुसलं. "कोण कोण हाय?"

"मी एकटीच."

"लई झालं की," ते म्हणाले, आणि माझ्यापुढे चालायला लागले.